बदली मास्तर

‘गिव्ह वे’ म्हणताना खरात सरांची जीभ पुन्हा अडखळली आणि नववीच्या वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावर बसलेल्या भुजंगनं पोरांना दटावायला हवं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सरांना लकवा मारला. शाळेत इंग्रजी शिकवणारे ते एकटेच. त्यांच्या रजेपुरता भुजंग लागला. तो त्यांचाच विद्यार्थी. दुसऱ्यांच्या रानात राबणाऱ्या बापाचं हे पोर बी.ए. झालं, ते सरांनी संध्याकाळी घरी बसवून इंग्रजी करून घेतलं म्हणून. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत सर परत आले. उजवा पाय ओढत, तोंड एका बाजूला झुकलेलं. हेडमास्तरांनी भुजंगला लगेच कमी केलं नाही. ‘‘थोडे दिवस त्यांच्या तासाला मागं बसा,’’ ते म्हणाले. ‘‘जमतंय का बघा आणि आम्हाला सांगा.’’

आज सरांनी डाव्या हातानं फळ्यावर क्रियापदं लिहिली होती. एकाच्या जागी दुसरा येतो, तेव्हा इंग्रजीत काय काय म्हणतात, ते समजावत होते.

‘‘स्टँड इन. म्हणजे थोड्या दिवसांसाठी दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं. जागा आपली नसते. टेक ओव्हर. म्हणजे काम आपल्या ताब्यात घ्यायचं. आणि गिव्ह... गिव्ह वे.’’ पोरं पुन्हा हसली. सरांनी रुमालानं ओठाचा कोपरा पुसला. ‘‘इथं कोणी कोणाला हटवत नाही. पहिला आपणहून बाजूला होतो. विंटर गिव्हज वे टू समर. थंडी उन्हाळ्याला वाट करून देते.’’

एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. भुजंगनं अर्थाकडे लक्षच दिलं नाही. तो फक्त अडखळणं ऐकत होता.

तास संपल्यावर सर त्याच्या बाकापाशी थांबले. ‘‘कळलं ना रे पोरांना?’’

‘‘कळलं, सर.’’

हेडमास्तरांच्या खोलीत संस्थेचे अध्यक्ष अप्पाराव बसले होते. त्यांनी भुजंगला खुर्ची दाखवली. आजवर कधी दाखवली नव्हती.

‘‘न घाबरता सांगा, भुजंगराव. जमंल का त्यांना?’’

सरांचं बोलणं सुधारत होतं. परत आले तेव्हापेक्षा आज कितीतरी स्वच्छ होतं. भुजंगला ते दिसत होतं. पण सर बरे झाले की आपण घरी, हेही दिसत होतं. मग पुन्हा भावाच्या दारात बसून खायचं आणि वहिनीचं तोंड बघायचं.

‘‘न्हाई जमणार,’’ तो म्हणाला. ‘‘पोरांचं नुकसान होऊन राह्यलंय.’’

अप्पारावांनी मान डोलावली. ‘‘बिलकुल बराबर. हेच आम्हाला आतल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.’’

सोमवारी भुजंग इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेला. नववीच्या वर्गात खुर्चीवर अप्पारावांचे जावई शरदचंद्र बसले होते. हेडमास्तर व्हरांड्यातच भेटले.

‘‘तुम्ही खरात सरांच्या रजेपुरते होतात. सरांनाच कमी केलं, आता रजा कसली? जागा रिकामी झाली, संस्थेनं भरली.’’

भुजंग तसाच भर उन्हात सरांच्या घरी निघाला. वाटेत त्याचा राग वाढत गेला. सरांना घेऊन औरंगाबादला जायचं, शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं.

सर ओसरीवर बाजेवर पडले होते. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. भुजंग पायरीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ‘‘फसवलं, सर. आपल्या दोघांनाबी फसवलं. तुम्ही फक्त माझ्यासंगं चला.’’

गिरिजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

‘‘आता जाऊन काय उपेग? ह्यांचं तर समदं ठरल्तं. शाळंत परत गेले तवाच अप्पारावाला सांगून आल्ते, माझ्या जागी भुजंगला कायम करा, मंग मी आपणहून सोडतो. तोवर न्हाई सोडणार, रोज येऊन शिकवणार. डाक्टर घरी पडून ऱ्हा म्हणत होता, तरी पाय वढत जात होते. तुझ्यासाठी, भुजंगा. कायम मास्तराला उगाच काढता येत न्हाई, अप्पारावाला दुसरा रस्ताच नव्हता, कबूलबी झाल्ता तो. अन् शनिवारी निरोप आला. आता तुमच्या सोडण्याचा सवालच न्हाई म्हणे. तुम्ही निकामी झालात, असं शाळंतल्याच एका मास्तरानं सांगितलं.’’

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

‘‘कोण असंल रे तो मेला? तुला तर म्हाईत असंल.’’

भुजंगनं मान खाली घातली. बाजेवरून सरांनी डावा हात वर केला.

‘‘त्याला नको विचारू,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘मला ठाऊक आहे. आधी पाणी दे त्याला. उन्हातून आलंय पोरगं.’’