अक्षदाचा आवाज

दिवस कलला तशी कुशाबाईनं नात चालू केली.

ओट्यावरच्या डबीएवढ्या स्पीकरमधून अक्षदा खिदळली, कोंबड्यांमागं धावली, "आजीऽऽ, ही खुडूक मला टोचतीये!" म्हणून किंचाळली. आवाज अंगण ओलांडून उसात शिरला. ऊस अंगणाला टेकलेला आणि उसात बिबट्याची मादी व्यालेली. वनखात्याचा माणूस सांगून गेला होता, सांजच्याला घरात माणसांचा राबता वाटला पाहिजे, बोलत राहा, गाणी लावा. दोन म्हाताऱ्या जिवांनी बोलून बोलून किती बोलायचं? गाणी लावली तर कुशाबाईला वाटे, मांडव घातलाय आणि वऱ्हाडच आलं नाही. मग नवऱ्याच्या, भिमाजीच्या मोबाइलमध्ये नातीचा व्हिडिओ निघाला, जायच्या आधीचा. नारायणगावच्या दुकानदारानं त्यातला आवाज कार्डात भरून स्पीकरमध्ये घालून दिला. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

गवताचा भारा घेऊन प्रयागबाई बांधावरून चालली होती. लेकीकडं राहून ती कालच वस्तीवर परतली होती. आवाज ऐकून ती थबकली.

"या बया! सुनीलचं बिऱ्हाड आलं का माघारी?"

"न्हाई गं. कॅनडालाच हायेत समदी."

कुशाबाईनं स्पीकर दाखवला. प्रयागबाईनं डोक्यावरचा भारा सावरला.

"वाघ भ्यायचा तवा भिईल, मलाच भ्या वाटलं. जित्या पोरीचं असं लावू नये बाई."

आणि ती जरा पाय उचलूनच गेली. कुशाबाईच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. पण आवाज बंद केला की घर इतकं मोठं व्हायचं, की चुलीपासून दारापर्यंत जायला तिला सोबत लागायची.

मोबाइल वाजला. भिमाजीनं तो तांब्याला टेकवून उभा केला. कुशाबाईनं स्पीकर बारीक केला. बंद नाही केला, उसाकडं तिची पाठ होती.

तिकडं सकाळ होती. जमिनीखालची खोली, छताला लागून एवढीशी खिडकी, खिडकीत नुसतं बर्फ. सुनील दाढी करून, बूट घालून गादीच्या कडेला बसला होता.

"झालं का रं कामाचं?" भिमाजीनं विचारलं.

"व्हतंय, आबा. आज एकाला भेटायचंय."

हे तो दिवाळीपासून सांगत होता.

"आन् ऱ्हायचा कागद?"

"काम लागलं की त्यो बी व्हतोय."

"आन् काम?"

"कागद असला की लगेच देत्यात."

तरण्या वयात भिमाजी डोंगरातल्या तळेघरावरून खाली उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं आणि मागं पोटुशी कुशाबाई. मंचरला झाडाखाली त्यानं आधी तीन दगडांची चूल मांडली, काम मग हुडकलं. चूल पेटलेली बघून कांद्याच्या व्यापाऱ्यानंच हाक मारली. बिऱ्हाड घेऊन आलेला माणूस पळून जात नाही, म्हणाला. ही गोष्ट भिमाजीनं सुनीलला जेवताना, झोपताना, गाडीवर पुढं बसवून सांगितली होती. सुनीलनं ती तशीच उचलून कॅनडाला नेली.

तिकडं पाहुणे म्हणून राहायची त्यांची मुदत चैत्रात सरणार होती. कुशाबाई पुढं सरकली.

"सुनील, तुमी दोघं ऱ्हावा, हुडका काम. पोरीला तेवढं माझ्यापाशी आणून सोड."

"सोडाया आलो, तर परत आत घेत्याल का न्हाई, ठावं न्हाई आई. आलो तर समदीच येणार. मग झालंच की."

"मग या की समदी."

सुनील बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

उज्ज्वला मध्ये आली. सून पूर्वी बोलायला लागली की गोठ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. आता ती ओठ मोबाइलला लावून बोलत होती.

"आत्याबाई, काळजी करू नका. पोर लई शाणी झालीये. असून नसल्यासारखी असती."

"शाळा?"

"कागद झाला की."

मग अक्षदा आली. केस विंचरलेले, अंगात दोन स्वेटर. आजीकडं बघून हसली, आणि एकदम दचकून तिनं मान वळवली. इकडच्या स्पीकरमधून कोंबड्यांची झुंबड उडाली होती.

"आजी," ती कुजबुजली, "तुमच्याकडं कोण पोरगी आलीये?"

"अगं, तूच की ती! तुझा आवाज हाये."

अक्षदानं थोडा वेळ कान दिला. तिला पटलं नाही.

"तिला गप कर ना आजी. वरच्या अंकलला ऐकू जाईल."

उज्ज्वलानं मान खाली घातली. "घरमालकाला दोघंच सांगितलंय आमी. पोर हाये म्हटलं की खोली देईनात कुणी. दिवसभर घरातच असतोय तो."

कुशाबाईनं विचारलं, "मग तू वरडतच न्हाईस व्हय गं, बाय माझी?"

"वरडते की! मम्मीनं शिकवलंय. बघ हां."

अक्षदा गादीवर उभी राहिली. मुठी आवळल्या, डोळे मिटले, तोंड उघडेल तेवढं उघडलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा लालबुंद झाला.

कुशाबाईनं घाईघाईनं मोबाइल उचलला आणि कडेचं बटण दाबत राहिली.

"अगं, नको दाबू," भिमाजी म्हणाला. "आवाज फुल्लच हाये."