रिलेंट म्हणजे

“दवात बसू नकोस, पोरी. छाती भरेल.” गेलेल्या नवऱ्याचा, निबाल्दोचा, तो आवाज फ्रेसियाच्या कानात अजून ओला होता. दवाला तो चिलीतल्या जुन्या माणसांसारखा स्पॅनिशमध्ये ‘रेलेंते’ म्हणायचा. म्हणून फळ्यावर ‘रिलेंट’ हे इंग्रजी क्रियापद दिसताच तिने हात वर केला.

“दव पडणं.”

वर्ग हसला. “फ्रेसियाबाईंच्या इंग्रजीला सर्दी झालीय,” मागून होडीवाला ओस्वाल्दो म्हणाला.

एरवी तिने त्याला सोडलं नसतं. आज तिची नजर घड्याळावर होती. साडेचार. पाचला सान्तियागोची बस, आणि त्या बसने खिमेना जाणार. लेकीने न्यूझीलंडच्या खलाशाशी लग्न केलं, तेव्हा निबाल्दोने तिला घराचं दार बंद केलं होतं. बाप दगड, आई बिचारी मधल्यामधे चिरडली, असं सगळी आळी म्हणायची. तो जाऊन चार वर्षं झाली. आता कुठे खिमेना आली होती, लेकाला घेऊन. त्या नातवाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणूनच फ्रेसिया या वयात ग्रंथालयातल्या वर्गात बसत होती.

दुपारी बटाटे सोलताना खिमेनाने विचारलं होतं, “आई, जाताना बाबा माझ्याविषयी काही बोलले?”

“नाही.”

मग बॅगा भरणाऱ्या लेकीसमोर तिला बसवेना. वर्ग बुडायला नको, असं पुटपुटत ती निघून आली होती.

“दव नाही, फ्रेसियाबाई,” शिकवणारी लोरेतो म्हणाली. “माणूस हट्टाला पेटलेला असतो, कुणाचं ऐकत नाही. मग आतून कुठेतरी द्रवतो नि म्हणतो, बरं, होऊ दे. ते रिलेंट. दुबळ्याला हे क्रियापद लागत नाही हं, तो नुसता शरण जातो. ‘नाही’ म्हणायची ताकद ज्याच्या हातात असते, त्यालाच लागतं. करा बघू एक वाक्य.”

फ्रेसियाची बोटं शालीची गाठ सोडत होती, बांधत होती. मग एकेक शब्द चाचपत तिने इंग्रजीत वाक्य जुळवलं. माझा नवरा द्रवला.

“छान. काळसुद्धा बरोबर. आता पुढे जोडा. द्रवला, आणि?”

फ्रेसिया उठली. वही बाकावरच राहिली. उतारावरून ती पडत-धडपडत स्टँडवर पोचली. खिमेनाचा एक पाय बसच्या पायरीवर होता.

“आई, अगं धावत कशाला? निरोप झाला होता ना आपला.”

“तुझे बाबा द्रवले होते, पोरी. शेवटचे तीन आठवडे रोज विचारायचे, खिमेनाला फोन केलास का? मी खोटंच सांगायचे, केला. येत नाही म्हणाली.”