घराची फवारणी

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर बघ!"

चांगुणाबाईंनी धाकट्या सुनेला दारातच अडवलं. अडवलं म्हणजे काय, दोन्ही हात चौकटीला लावून त्या अशा उभ्या राहिल्या, की वाऱ्यालासुद्धा विचारून आत जावं लागलं असतं. शिवकन्या अंगणातच थांबली. काखेत दहा महिन्यांची भक्ती, हातात दवाखान्याची पिशवी. जुलाब-उलट्यांनी पोरगी पाच दिवस सलाईनवर होती. आज सकाळी परभणीत सुट्टी मिळाली, तशी बोरीची पहिली बस धरून मायलेकी आल्या होत्या. नवरा बालाजी तिकडंच कामावर राहिला होता.

"आधी घर साफ होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पायानं आलेली बिमारी हाय ही. धा वर्षांत या घरात कुणाला जुलाब न्हवते."

"आत्या, साथ सगळ्या गावात हाय."

"गावाचं मला सांगू नको. गावात तुझ्यासारख्या लय हायत. भांड्याला नुसतं पाणी दाखवायचं आन् मोकळं व्हायचं!"

शेजारच्या लक्ष्मीबाई मधल्या भिंतीवर कोपरं टेकून उभ्याच होत्या. दुसऱ्याच्या सुनेचा पाणउतारा ऐकायला त्यांना कधी बोलावणं लागत नसे.

सरकारी दवाखान्याची आशाताई काल सांगून गेली होती, फिनेलच्या पाण्यानं घर पुसून घ्या. पण फडकं मारून चांगुणाबाईंचं समाधान होईल तर ना! त्यांनी थोरल्या लेकाला हुकूम सोडला होता, आणि मुंजाजी फवारणीच्या पंपात फिनेलचं पाणी भरून, तो पाठीला अडकवून घरभर फिरत होता. बॅटरीवरची मोटार घुरघुरत होती. भिंती, कोनाडे, पाळण्याच्या दोऱ्या, फरशी, सगळं न्हाऊन निघत होतं. कपाशीच्या ओळीतून चालावं तसा तो चालत होता. एक पाऊल, एक फवारा.

भिंतीच्या फटीतून एक पाल निघाली, दोन हात सरपटली आणि पट्कन खाली पडली. उताणी.

"बघितलं का, लक्ष्मीबाई?" चांगुणाबाई खुलल्या. "औषध म्हणावं तर असं!"

शिवकन्या पुढं सरकली. दारातून येणारा वास तिनं एकदा घेतला, पुन्हा घेतला. वर फिनेल होतं. फिनेलच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते तिच्या ओळखीचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी रानात फवारणीला पाणी वाहून देत ती याच पंपामागं दिवसभर फिरली होती. त्या संध्याकाळी तिला घास गेला नव्हता.

"भावजी, बंद करा! कपाशीचं औषध हाय त्यात!"

मुंजाजीनं पंप काही बंद केला नाही. "तीन पाण्यानं इसळलाय मी."

"वास यायलाय की."

"तुला येणारच. बारावी झालीस म्हणून डॉक्टरीण झालीस का?"

"पोरगी रांगती, भावजी. फरशीवरचा हात तसाच तोंडात घालती."

"मग टेकवू नको खाली. धर जन्मभर काखेत!"

लक्ष्मीबाई फिस्सकन हसल्या. चांगुणाबाईंनाही हसू आवरलं नाही. आता ही रडणार, असं तिघांनाही वाटलं. रडली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

शिवकन्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"बरं. तीन पाण्यानं इसळलाय ना? मग आधी गोठ्यात मारा. माश्या तिथंच तर बसत्यात. गव्हाणीत मारा, म्हशीच्या वैरणीवर मारा, मग करा घर."

"खरंच की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "घरात कुठून येणार? माश्या सगळ्या गोठ्यातनंच येत्यात."

मुंजाजीलाही पटलं. नळी सांभाळत तो बाहेर आला आणि अंगणाच्या कडेला गोठा होता, तिकडं वळला.

"मुंजा! थांब!"

सकाळपासून गुडघ्याच्या नावानं कण्हणाऱ्या चांगुणाबाई अशा धावल्या, की पदर कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. गव्हाणीपुढं दोन्ही हात पसरून त्या उभ्या राहिल्या.

"वैरणीवर मारतूस? येडा झालास का? परवाच व्यालीय ती! मुकं जनावर हाय ते. पोटात गेलं तर सांगता तरी येतंय का तिला?"

मोटार तेवढी घुरघुरत राहिली. मुंजाजीनं हातातल्या नळीकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, मग कुणाकडंच पाहिलं नाही. लक्ष्मीबाईंची कोपरं भिंतीवरून हळूच खाली गेली.

भक्ती आईच्या खांद्यावर आपली मूठ चोखत होती.

शिवकन्यानं पिशवी उचलली. सासूच्या बाजूनं वाट काढत ती गोठ्यात शिरली. रेडकाला जरा पलीकडं सरकवलं, कोरडी जागा हातानं झाडली, पिशवीतलं दुपटं अंथरलं आणि लेकीला म्हशीच्या शेजारी बसवलं.

"मारा भावजी," ती म्हणाली. "आता घरात किती मारायचं तितकं मारा."