लेकरावानी जपलेलं यंत्र

"पावसानं सोयाबीन कुजलं," म्हणत कौसाबाईंनी काळी पडलेली झुडपं पाहणीला आलेल्या साहेबांपुढे धरली.

"मावशी, भरपाई पर्जन्यमापकावर ठरते. बदलत्या हवामानात तुम्हाला आधार म्हणून बांधावर बसवलाय ना, त्यात महिनाभर पाऊस शून्य आहे."

बांधावर गेल्यावर उलगडा झाला. यंत्रावर चार बांबूंवर उभारलेलं पत्र्याचं छप्पर होतं.

"तुम्हीच म्हणालात, महागाचं हाय, लेकरावानी जपा. लेकराला कुणी पावसात ठेवतं व्हय? घरावरला पत्रा काढून घातला. आम्ही भिजलो, पर याच्यावर थेंब पडू दिला नाही."

तेवढ्यात जोराची सर आली. साहेब छपराखाली शिरले. कौसाबाई बाहेरच भिजत उभ्या राहिल्या. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा यंत्राकडे पाहिलं आणि नियमानुसार कोरड्या वहीत आजचा पाऊस लिहिला : शून्य.