फ्लॉटसम की जेटसम

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वाहून आलेली ट्रंक रंगूनं लांबूनच ओळखली. झाकणावर नवऱ्याचं नाव होतं. त्याला मुंबईहून आणायला गेलेला तिचा भाऊ धर्माजी महिन्यापूर्वी त्याच्याशिवायच परतला होता. "त्यानं तिकडं दुसरी ठेवलीय. गलबतावर पाय ठेवायला तयार न्हाय," असं सांगून बहिणीच्या गळ्यात पडून रडलाही होता. तेव्हापासून रंगू नवऱ्याला उठता-बसता शिव्या घालत होती.

ट्रंक धर्माजीनंच खांद्यावरून कस्टमच्या कचेरीत आणून टाकली. कारकुनानं कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडलं.

"बाई, वाहून आलेल्या मालाला इंग्रजीत दोन जुने शब्द आहेत. गलबत बुडालं आणि माल तरंगत आला, तर फ्लॉटसम. वादळात गलबत हलकं करायला माणसांनी आपल्या हातानं समुद्रात फेकला, तर जेटसम. कुठला लिहू? गलबत बुडालं होतं का?"

"न्हाय," रंगू सावकाश म्हणाली. "गलबत दादाचं. ते सुखरूप आलं."

"मग जेटसम." कारकुनानं लिहून टाकलं.

धर्माजी दाराकडं सरकला.

"थांब, दादा," रंगू म्हणाली. "ट्रंकेच्या मालकापुढं कुठला शब्द लिवायचा, ते तू सांग साहेबांना."