हलकं स्टिअरिंग

मागं बोटीचा ट्रेलर जोडलेली पिकअप मागच्या बाजूनं इतकी बसली होती, की पुढचे दिवे थेट माडांच्या शेंड्यांकडे बघत होते. सामंतशेठ घाम पुसत उतरले.

"भिवा, घाटात मरता मरता वाचलो रे! स्टिअरिंग इतकं हलकं लागतंय, गाडी हातात राहत नाही. मागं स्प्रिंगचे दोन पाटे जास्त घाल, पण आजच्या आज रस्त्याला लाव."

गॅरेजात आलेली पाच-सहा गिऱ्हाइकं जवळ सरकली. भिवा वाकला, पाट्यांवरून हात फिरवून उठला.

"पाटे नकोत. बोट ट्रेलरवर हातभर मागं घ्या. सगळा भार गाडीच्या शेपटीवर टाकलाय तुम्ही."

भिवा स्वतः शेठकडे ड्रायव्हर होता तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं, दहादा. शेठनं ऐकलं नाही. मग एका वळणावर गाडी अशीच हातातून सुटून गटारात गेली. शेठनं त्याला भर जेटीवर, सगळ्यांदेखत तोंड उघडायला लावलं, वास घेतला, आणि दारूला कधी न शिवलेल्या माणसाला दारुडा ठरवून हाकलून दिलं. त्यानंतर बंदरावर कुणी त्याच्या हाती गाडी चालवायला दिली नाही, म्हणून त्यानं हे गॅरेज टाकलं.

"मग घे ना मागं!" शेठ घायकुतीला आले.

"घेतो की." भिवानं फडक्याला हात पुसले, अगदी सावकाश. मग तो शेठच्या नाकासमोर येऊन उभा राहिला.

"गाडी हातात राहत नाही म्हणालात ना? आधी तोंड उघडा, शेठ. वास बघू."