पदरचं वाक्य

इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरल्यापासून शाळा बंद होत्या. तिथल्या मंगफ भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी शेजारच्या मुलांना मराठी शिकवायचे. पुस्तकं नव्हती, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं, स्वानंदचं, कॅनडातल्या माँट्रियलहून आलेलं पत्रच श्रुतलेखनाला घ्यायचे. त्यातला डोंगर, नदी, बर्फ सांगायचे, पण घरोघरी खाण्याची टंचाई, म्हणून खाण्याचा परिच्छेद गाळायचे. खुबूस रोट्या आणायला बेकरीत गेलेले, माझ्याकडे शिकणाऱ्या सुखदाचे बाबा पाच दिवस परतले नव्हते. अखेर तिनंच विचारलं, "बाई, स्वानंददादा तिथं खातो काय?" खोटं सांगवेना. मी तो परिच्छेदही श्रुतलेखनाला वाचला, "भट्टीतून गरम बेगल पाव निघतात. पिशवीभर घेतो आणि डोंगरावर नदी बघत खातो." माझा नियम कडक: पदरचा शब्द घातला की गुण कापला. सुखदाच्या वहीत शेवटी जास्तीचं वाक्य होतं: "दोन पाव बाबांसाठी ठेवले." मी लाल पेन उघडलं, तेच वाक्य स्वानंदच्या पत्रात लिहिलं आणि तिला पूर्ण गुण दिले.